जिभेला चिकटणारा दगड

लोक रविवारी सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला जायचे, आम्ही कात्रजच्या घाटात दगड चाटायला जायचो. हे मी आजही ताठ मानेने सांगते.

पप्पा बोअर खोदणाऱ्या गाडीवर होते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. कॉम्प्युटरवाल्यांसाठी शहराच्या कडेने सोसायट्या उठत होत्या आणि प्रत्येकीला बोअर हवी होती. वर येणाऱ्या भुकटीचा रंग बघून खाली कोणता थर लागलाय ते पप्पा अचूक सांगायचे. तेच थर उघड्यावर दाखवायला ते सुट्टीच्या दिवशी आईला आणि मला जुन्या व्हॅनमध्ये घालून येरवड्याहून घाटात न्यायचे. रस्त्यासाठी डोंगर कापलेला दिसला की गाडी थांबायची. काळा दगड, त्यावर लाल पट्टा, त्यावर पुन्हा काळा. लाल तुकडा जिभेला लावायचा. चिकटला तर त्यात माती आहे, आणि अशा थरात बोअरचं भोक ढासळतं. आई डबा उघडून म्हणायची, "आधी चपाती खा, मग डोंगर."

बारावीनंतर मी जिओलॉजीला जायचं म्हटलं, तर हाच माणूस उखडला.

"माझ्या बापाने जन्मभर खाणीत खडी फोडली. मी दगडाला भोकं पाडतोय. तू पण दगडातच जाणार? कॉम्प्युटर शीक, एसीत बस."

त्यांचं अगदीच चुकत नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. फॉर्मवर पालकांची सही लागणार होती आणि मुदत सोमवारी संपत होती. आठवडाभर आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही.

तरी रविवारी घाटात गेलोच, सवयीने. आमच्या नेहमीच्या जागी एका कॉलेजची मुलं उभी होती, सोबत त्यांचे सर. पप्पांनी दगड फोडायची हातोडी पाठीमागे लपवली. शिकलेल्या माणसांसमोर ते असे अंग चोरायचे, आणि ते मला अजिबात सहन व्हायचं नाही. सर लाल पट्ट्याकडे बोट दाखवून हे काय आहे म्हणून विचारत होते. एकाने गंज म्हटलं. मी सरळ पुढे गेले, एक तुकडा उचलला आणि जिभेला लावला. मुलं फिदीफिदी हसली.

"चिकटतोय," मी म्हणाले. "म्हणजे माती. खालचा लाव्हा थंड झाला, त्यावर माती झाली, मग दुसरा तापलेला लाव्हा आला आणि ती भाजून निघाली."

"कुठल्या कॉलेजात आहेस?" सरांनी विचारलं.

"अजून कुठल्याच नाही. यांनी शिकवलं," मी पप्पांकडे हात केला.

"आपण काय करता?"

"बोअरच्या गाडीवर असतो, साहेब."

"म्हणजे हा पट्टा खाली कुठे कुठे लागतो ते आपण पाहिलंय?"

पप्पा आधी चाचरले, मग सुरू झाले. हडपसरला कुठे लागतो, कोंढव्यात कुठे हुलकावणी देतो, कुठे जाड, कुठे बोटभर. हातोडी कधीच पुढे आली होती, तिच्या दांड्याने ते मातीत रेघा ओढत होते. सर खाली बसून वहीत उतरवून घेत होते. शेवटी उठून ते मुलांना म्हणाले, "हसून झालं असेल, तर आता प्रत्येकाने एकेक तुकडा चाटा."

मुलं निमूट चाटू लागली. माझी छाती फुगली होती.

आईने डब्याच्या पिशवीतून माझा फॉर्म काढला. तिने तो बरोबर आणलाय हे मलाही माहीत नव्हतं. "अहो, साहेबांकडे पेन असेल," एवढंच ती म्हणाली.

पप्पांनी व्हॅनच्या बॉनेटवर फॉर्म ठेवून सही केली. पालकांच्या व्यवसायाचा रकाना रिकामा होता. शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर ते तिथे नुसतं 'नोकरी' लिहीत आले होते. त्या दिवशी जरा थांबले आणि लिहिलं, 'जमिनीखालचा दगड ओळखणे.' रकाना लहान होता, शेवटचा शब्द चौकटीबाहेर गेला.