हात लावू नका, पप्पा

पप्पांनी माझ्या लॅबमध्ये एकाच वस्तूला हात लावला, आणि मी ती त्यांच्यासमोर कचऱ्यात टाकली.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पप्पा महाळुंग्याच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर होते; मशीनमधून निघणाऱ्या प्रत्येक भागाला ते 'जॉब' म्हणायचे. आम्ही भोसरीत राहतो. मी आरएनएवर काम करते.

आरएनए हा पेशीतला लांब, नाजूक रेणू. त्यात माहिती साठते, आणि त्याचे काही प्रकार एन्झाइमसारखं कामही करतात. म्हणून असं मानतात की जीवसृष्टीच्या सुरुवातीला, डीएनए आणि प्रोटीन यायच्या आधी, स्वतःची नक्कल स्वतःच करणारा आरएनए असावा.

तसा तो ट्यूबमध्ये घडवता येतो का, हे आम्ही बघतो. तुकड्यातुकड्याने नक्कल होते. सबंध अजून नाही.

पप्पांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे ऑपरेटर नाय, सुपरवायझर नाय, आणि जॉब आपला आपण निघतोय?"

"निघायला हवा."

"रिजेक्शन?"

"जवळजवळ सगळंच."

"मग पगार कशाचा देतात गं तुला?"

एकदा घरच्यांना लॅब दाखवायचा दिवस होता. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी पाठमोरी असताना त्यांनी उघड्या डब्यातली एक छोटी ट्यूब उचलली आणि उजेडात धरली. जॉब तपासायची सवय.

"पप्पा, हात लावू नका!"

आवाज मोठा निघाला. शेजारच्या बेंचवरचे लोक वळले.

मी अख्खा डबा फेकला. आमच्याकडे तोच नियम आहे. माणसाच्या कातडीवर आरएनए तोडणारं एन्झाइम असतं, उघडं बोट लागलं तरी पुरतं. मी बरोबर होते. आजही तेच करेन.

उरलेली लॅब पप्पांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून बघितली.

परतताना बसमध्ये नाशिक फाटा आला तेव्हा ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "गावाकडं माझ्या आज्याला विहिरीवर असंच म्हणायचे."

हे त्यांच्या मनात येणार, हे मला डबा फेकतानाच कळलं होतं. हे आणि ते एकच आहे असं त्यांना वाटू नये, एवढंच मला हवं होतं. ते कसं बोलायचं, मला येत नाही. जे येतं ते सांगितलं.

"पप्पा, ते सगळ्यांच्याच हातावर असतं. माझ्यासुद्धा. म्हणून तर ग्लव्ह्ज."

"तुमच्या मोठ्या सरांच्या?"

"त्यांच्याही."

"आणि मंत्री आला तर?"

"त्याच्यावरही ओरडायचं."

ते खिडकीबाहेर बघून हसले. "मग ठीक हाय. सगळ्यांना एकच कायदा असंल तर ठीक हाय."

त्यानंतर विहारात ते प्रत्येकाला सांगायचे, "आमच्या पोरीच्या लॅबमध्ये मंत्री पण हात मागं बांधून उभा राहतो."

आमच्या लॅबमध्ये कधीच कुठला मंत्री आलेला नाही.

मला वाटलं, विषय मिटला.

मग ते आजारी पडले. मी लॅबमधून थेट हॉस्पिटलला जायचे. एका संध्याकाळी मी कॉटजवळ बसले, तर सलाइन नसलेला हात त्यांनी चादरीखाली ओढून घेतला.

"काय झालं?"

"तू तिकडनं आलीस. उद्या परत तिथंच जायचंय. माझा हात लागायचा."

मी चादरीखालून तो हात काढला आणि धरला. खरखरीत, तापाने गरम.

"उद्या ग्लव्ह्ज घालणारच आहे, पप्पा."

"डबा नाय ना फेकायला लागणार?"

"नाही."

मग त्यांनी हात माझ्या हातात तसाच राहू दिला.



आज सकाळी घरी पुण्यानुमोदन झालं. वंदना संपल्यावर आत्याने, म्हणजे पप्पांच्या बहिणीने, मला बाजूला घेतलं. "तुझा तो आपोआप होणारा जंतू झाला का गं तयार? दादा सारखा सांगायचा."

जंतू नाही. पण मी दुरुस्त केलं नाही.

"नाही अजून."

"होईल. दादानं सांगितलंय."

नक्कल होताना चुका येतातच. मुद्द्याचं तेवढं पुढे पोचलं.

खरं सांगायचं तर मी दमले आहे. उद्या पुन्हा नवा डबा, नवे ग्लव्ह्ज, आणि बहुधा तेच उत्तर.

आज रजा आहे. पप्पांचा चष्मा, टिफिन, कंपनीचे सेफ्टी शूज, सगळं उघड्या हातांनी पुसून ठेवलं.

पप्पा, तुमचा हात लागलेलं घरातलं काहीच मी फेकलेलं नाही.

जय भीम.