आक्काची चुंबळ

पेणात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करावी तर मीच, असं मी छाती फुगवून सांगतो. पण देवाला डोळे देणाऱ्या ह्या माणसाला स्वतःच्या बुडाखाली काय चाललंय ते सात वर्षं दिसलं नाय. दिसलं ते माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला. महिना झाला तिला जाऊन. मी रामवाडीच्या कारखान्यात एका मूर्तीचा उजवा डोळा काढून डाव्याला हात घालणार, तेवढ्यात निडीहून तिच्या सुनेचा फोन आला. आक्का दुपारची जेवली, वालाच्या शेंगा सोलल्या, जरा पाठ टेकते म्हणाली... आणि उठलीच नाय. मी रडलो, पण रडता रडता कुठंतरी हलकं बी वाटलं. अंथरुणाला खिळून सुनेकडून करून घ्यायची तिला लय धास्ती होती. तशी वेळच तिच्यावर आली नाय.

मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो, ते बी घरी राहिलं की कामाला लावायचे म्हणून. तेव्हा मी बोलतोय आणि माझी लेक लिहून घेतेय.

आमचा धंदा बसून करायचा. सकाळी मांडी घातली की दिवे लागेपर्यंत मोडायची नाय. त्यातच मला मूळव्याध धरली. रक्त पडायचं. पायजम्याला डाग दिसला की मी कारखान्यात सांगायचो, लाल रंग सांडला. मालक वैतागायचा, "अरे, रंग मूर्तीला लावतोस का पाटाला?" सगळे हसायचे, त्यात माझाच आवाज मोठा. खरं सांगायचं तर भीती दोन होत्या. एक ऑपरेशनची. आमच्या शेजारचा एकजण ऑपरेशन करून आला तो महिनाभर पालथाच झोपलेला मी बघितला होता. मी महिनाभर पालथा पडलो तर गणपती आंधळेच बसायचे. आणि दुसरी भीती, हा कॅन्सर असला तर... ती तर मी बायकोला बी बोललो नाय.

एका माघात वाल काढायला निडीला आक्काकडं गेलो. आक्का शेतावरून पाटी डोक्यावर घेऊन यायची, खाली चुंबळ. जुन्या लुगड्याची गोल वळकटी, मधी भोक. मी ती बघितली आणि मला वाटलं, ही तर माझ्यासाठीच वळलेय. गुपचूप उचलली, ओटीवर ठेवली आणि वर बसलो. सात वर्षांत असा सुखानं बसलो नव्हतो.

"माझी चुंबळ बघितलीस का रे?"

"नाय गो."

"ऊठ बघू."

"कंबर धरलेय."

आक्का हसली नाय. समोर येऊन बसली. "काल तुझा पायजमा धुतला. रंग वाळला तरी लालच राहतो. हे तपकिरी पडलंय. मी बाई हाय रे, मला रक्ताचा डाग ओळखता येत नाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी मला रोह्याला घेऊन गेली. पेणातलं कुणी तिथं भेटणार नाय, एवढंच मला बरं वाटलं. दवाखान्यात गेलो तर डॉक्टर बाई, माझ्या लेकीएवढी. मी आलो तसा जिन्याकडं वळलो. आक्कानं सदरा मागून धरला.

"मला नाय दाखवायचं. ऑपरेशन करतील."

"गप बस. मला बी हेच होतं. दोन वर्षांमागं हिनंच रिंगा बसवल्यात, दोन खेपेला. तुझ्या भावजींना बी ठाऊक नाय. त्यांना सांगितलं, चष्म्याला चाललेय."

"आणि चष्मा?"

"ते अजून विचारतायत. तिनं माझं बघितलं, तुझं काय सोन्याचं हाय? चल."

डॉक्टरबाईंनी नळी घालून नीट तपासलं. म्हणाल्या, "काका, कॅन्सरसारखं काही दिसत नाही, आतली मूळव्याध आहे. पण रक्त पडतं म्हणजे मूळव्याधच असणार, असं घरी बसून ठरवायचं नसतं. सात वर्षं थांबलात कसे?" मग त्यांनी समजावलं. आत मूळव्याधीचा जो कोंब फुगतो, त्याच्या मुळाशी बारीक रबराची रिंग बसवायची, त्याचं रक्त तुटतं, तो सुकतो आणि काही दिवसांत आपोआप गळून पडतो. कापाकापी नाय, भूल नाय. कुणाला रिंग चालत नाय, त्याला इंजेक्शन असतं. अगदीच वाढलेलं असलं तरच ऑपरेशन. मला कुशीवर झोपवलं, मी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "उठा, झालं." दोन दिवस जड जड वाटलं, कोंब गळताना थोडं रक्त गेलं, त्यांनी आधीच सांगितलं होतं. पुढं अजून दोनदा गेलो. डाग बंद झाला. मालकाला वाटलं, मी रंग जपून वापरायला शिकलो.

त्या पहिल्या दिवशी बाहेर आलो तेव्हा आक्का बाकावर बसून होती. "झालं?"

"झालं."

"एवढ्यासाठी सात वर्षं रडत बसलास?" एवढं म्हणून तिनं पदरानं स्वतःचे डोळे पुसले.

तिनं मला एक नेम घालून दिला. मूर्तीचे दोन डोळे झाले की उठायचं, फाटकापर्यंत जाऊन पाणी पिऊन यायचं. दर रविवारी फोन यायचा, "उठतोस ना रे?" मी कधी खोटं बोललो तरी तिला कळायचं.

तेराव्यानंतर कारखान्यात आलो. ती मूर्ती एका डोळ्यानं बघत तशीच बसली होती. डावा डोळा काढला, उठलो, फाटकापर्यंत गेलो, पाणी प्यालो. फोन येणार नव्हता, तरी गेलो... आता तिची चुंबळ माझ्या ब्रशांच्या वर खुंटीला हाय. सुनेनं दिली. म्हणाली, त्या माघापासून सासूबाईंनी ती डोक्यावर घेतलीच नाय, नवी वळली.

एवढं सांगून मी लेकीला म्हटलं, वाच बघू. तिनं पहिल्यापासून वाचलं, पेन खाली ठेवलं.

"बाबा, आत्यावर लिहायचं म्हणालात. हे सगळं तुमच्याच बुडावर झालंय."