गावात कुणी मेलंच नाही

"तोंडी नको, कागद दाखवा," म्हणत काका तळहात पुढे करायचे. एसटीत कंडक्टर होते. पास घरी राहिला म्हणणाऱ्या प्रवाशांनी त्यांचा माणसांवरचा विश्वास जन्माचा उडवला होता, आणि रिटायर झाल्यावर असला माणूस गावाचा इतिहास लिहायला बसला. तुमच्याही गावात असा एखादा असेल. नसेल तर सुखी आहात.

माझं बिलोलीत झेरॉक्स-टायपिंगचं दुकान. काकांचं गाव जवळच. ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला पुस्तक काढायचं ठरलं, समिती झाली, समितीचे फोटो निघाले, आणि मग लक्षात आलं की लिहायलाही कुणीतरी लागेल. काकांना पेन्शन होती, वेळ होता, आणि नाही म्हणायची अक्कल नव्हती.

घरोघर फिरून ते जुन्या रोजनिश्या आणि पत्रं मागू लागले. लोकांनी दिलीही. एका घरी आज्याची रोजनिशी दर दसऱ्याला पूजेत ठेवायचे, त्यामुळे निम्मी पानं हळदीकुंकवानं माखलेली. मजकूर गेला, पुण्य तेवढं राहिलं. बहुतेकांची अट एकच, आमचा आजा रझाकारांशी लढला हे ठळक टाइपात घ्या. यादी पाहिली तर गावात लढणारेच इतके की रझाकारांना उभं राहायला जागा मिळाली नसती. समितीच्या अध्यक्षांच्या आजोबांची रोजनिशी मात्र काकांनी नीट वाचली. त्या सगळ्या धामधुमीत आजोबांनी रोज एकच नोंद केली होती: पोटात दुखते, घरीच आहे. मी म्हटलं, काका, जरा सांभाळून. तर म्हणे, "कागदावर हाय ना? मंग?" अध्यक्षांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

सगळ्यात जास्त पत्रं बौद्ध वस्तीतून निघाली. शिकायला बाहेर पडलेल्या पोरांनी आईबापाला लिहिलेली, पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेली. समितीला ती जागेअभावी नको होती. अध्यक्षांच्या फोटोला मात्र पूर्ण पानाची जागा सापडली होती. काकांनी ती पत्रं सगळ्यात आधी टाइपला दिली.

एकदा माझ्या दुकानात ढीग चाळताना म्हणाले, "ह्या गावात कुणी मेलंच न्हाई बघ."

खरंच की. लग्नं होती, बारशी होती, म्हैस व्याल्याची खबर होती; मरण कुठंच नाही. कारण तुम्हाला माहीतच आहे. मयतीचं कार्ड उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि तिथंच फाडायचं, घरात न्यायचं नाही. एवढ्या साध्या युक्तीनं आपल्या पूर्वजांनी अख्खं गाव अमर करून टाकलं.

मी हसलो. काका हसले नाहीत. त्यांची थोरली बहीण, अक्का, उमरीकडच्या एका गावात दिली होती. काका चड्डीत फिरत होते तेव्हा तिच्या मयतीचं कार्ड आलं आणि असंच फाडलं गेलं. सोयऱ्यांशी भांडण होतं, म्हणून वडील तिकडं फिरकले नाहीत आणि घरात कुणाला तिचं नावही काढू दिलं नाही. अक्का कशानं गेली, एवढंच काकांना हवं होतं. कुणाच्या तरी पत्रात तिचा उल्लेख सापडेल म्हणून ते उंबरे झिजवत होते. हे ऐकलं आणि मी टिंगल सोडून ढिगातला अर्धा गठ्ठा माझ्यापुढं ओढला.

त्यांनी गावातल्या साऱ्या बाप्यांना विचारून पाहिलं. शेजारच्या काकूंना विचारलं नाही, कारण त्यांच्याकडे कागद नव्हता. मी काकांबरोबर कागदांचे फोटो काढत गावात फिरत होतो, त्या दिवशी काकूंनीच ओट्यावरून काकांना हाक मारली.

"अक्काचं कार्ड म्याच वाचलं व्हतं," त्या म्हणाल्या. "नवी नवरी व्हते, चौथी शिकलेली. वाचता येणारं दुसरं कुणी न्हवतं दारात. पैली ओळ वाचली अन् रडारड झाली. तुझ्या बापानं कार्ड वढून फाडलं. खाली अजून लिहिलेलं व्हतं."

"काय व्हतं?" काकांनी विचारलं.

"बाळंतपणात गेली. पोरगी जगली हाय, घिऊन जावा."

नव्या सुनेनं मोठ्यांपुढं तोंड उघडायचं नसतं. तरी त्यांनी मागाहून सासूला सांगून पाहिलं, तर मेलेल्याचं कशाला उकरतीस म्हणून दटावणी मिळाली. बायकांना शिकवायचं आणि मग गप्प बसवायचं, ही आपली जुनी पद्धत आहे. काकांनी या वेळी कागद मागितला नाही. तिथंच ओट्यावर खाली बसले.

मग उमरीकडे गेले. भाची सापडली, त्याच गावात. चुलत्यानं वाढवलेली, आता स्वतः नातवंडांची आजी झालेली. त्या रूटवर काकांनी अर्धी नोकरी काढली होती. कितीदा तिला तिकीट फाडून दिलं असेल, देव जाणे.

तिनं एकच विचारलं, "मामा, पत्र पोचलं न्हवतं का?"

आता बघा. टपाल गहाळ झालं म्हटलं असतं तर सगळे सुटले असते, मेलेला बापसुद्धा. पण गावातल्या एकाही आज्याला यांनी सोडलं नव्हतं. म्हणाले, "पोचलं व्हतं. आमी पुरं वाचलं न्हाई."

ती उठून आत गेली, ती काका निघेपर्यंत बाहेर आली नाही. हे सांगताना काका माझ्या दुकानात लहान पोरागत रडले. मग डोळे पुसून म्हणाले, आता माझ्या बापाचं पान टाइपला घे.

पुस्तक अर्थातच निघालं नाही. उद्घाटनाला शाली वाटल्या, भाषणं झाली, इतिहासावाचून कुणाचं काही अडलं नाही. काका मागच्या उन्हाळ्यात गेले. सगळी पानं माझ्या कॉम्प्युटरमध्ये पडून आहेत, आणि दुकानात काकांच्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं की मला राग येतो.

तेरावं झाल्यावर एक वयस्क बाई दुकानात आली. उमरीकडून आले म्हणाली, वाचता येत नाही, मामानं काय लिहून ठेवलंय ते वाचून दाखव. मी म्हटलं, मावशी, कार्ड फाडलं तेही आहे त्यात. ती समोर बसली.

मी गिऱ्हाइकांना थांबवलं आणि वाचायला लागलो. पहिल्याच ओळीला तिला हुंदका फुटला. मी थांबलो.

तिनं पदर तोंडावरून काढला.

"म्या रडते," ती म्हणाली. "तू पुरं वाच."