पायलं म्हणणारी बाई

"मी पायलं. आता नाई पायलं कसं म्हनू?" असं म्हणताना ती पदराने डोळे पुसायची. डोळे कोरडेच असायचे.

चंद्रपूरहून मूल गावाच्या पुढे जंगलातल्या एका गावापर्यंत जाणाऱ्या एसटीवर मी कंडक्टर होतो. ती त्या गावची पोलीस पाटील. पन्नाशीची विधवा. घरी एकुलता एक लेक, सून आणि लहानगी नात. बैठकीला तालुक्याला निघाली की पुढच्या सीटवर बसायची. कुणी पिऊन चढला की मला म्हणायची, "भाऊ, याले मांगं बसवा, नाईतर मले इथीच ड्युटी करा लागन." सगळी गाडी हसायची. तिच्या शेजारच्या जागेसाठी बायकांची ओढाताण चाले. तुम्ही त्या गाडीत असता तर तुम्हीही सरकून तिला जागा दिली असती.

मग त्या गावात तापाची साथ आली आणि दोन पोरं दगावली. गावकुसाला एकटीच राहणाऱ्या एका म्हातारीचं नाव कुणीतरी घेतलं. हिनंच करणी केली म्हणाले. तिला मारत आणलं, बांधलं आणि समाजमंदिरात कोंडलं. कुलपाची किल्ली होती पोलीस पाटीलबाईच्या लेकाच्या खिशात. बाई आडवी गेली, तर लोकांनी तिचा मोबाईल हिसकावला.

दुपारची वेळ. आमची गाडी परतीसाठी वळून उभी होती. बाई अनवाणी धावत आली आणि आपल्या जागेवर बसली. मागोमाग जमाव आला. लेकाने खिडकीची सळई घट्ट धरली.

"माय, उतर खाली."

"किल्ली दे."

"पोरगी तापून राह्यली घरी! ते थेरडी तिले खाईन ना माय!"

"पोरीले दवाखान्यात नेऊ. किल्ली दे बाबू."

पोरगा हमसून रडत होता, पण किल्ली काही त्याने दिली नाही. बाईने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भाऊ, घंटी मारा."

मी घंटी मारली. समोर उभे राहिलेले लोक ड्रायव्हरने हॉर्न दाबत हळूहळू बाजूला सारले. लेक सळई धरून वळणापर्यंत धावला. बाई सरळ समोर बघत राहिली, आणि ठाण्यासमोर गाडी थांबण्याआधीच तिने उडी घेतली.

पोलीस पोचले तेव्हा म्हातारीत जीव होता. दवाखान्याच्या वाटेवर तो गेला. नातीला मलेरिया निघाला. औषधाने ताप उतरला.

कोर्टात अख्खं गाव म्हणालं, "आमी नाई पायलं." बाईने एकेकाचं नाव सांगितलं. वकिलाने विचारलं, "यातला आरोपी तुमचा कोण लागतो?"

"पोटचा हाये," ती म्हणाली आणि त्याचंही नाव घेतलं.

शिक्षा झाली. सून नातीला घेऊन माहेरी गेली. हापशीवर बाई दिसली की बाकीच्या आपल्या घागरी उचलून चालू लागत. गाडीतसुद्धा तिच्या शेजारची जागा रिकामी राही. उभ्या असलेल्या बायका उभ्याच राहत, पण तिथे बसत नसत.

दर महिन्याला ती लेकाच्या मुलाखतीला चंद्रपूरच्या जेलात जायची. तो भेटीला बाहेर यायला नकार द्यायचा. परतताना मी विचारायचो, "भेटला का बाई?"

"नाई जी. पन मी आली होती हे त्याले सांगतेत ना शिपाई."

असं किती महिने चाललं कोण जाणे. रोज हजार तिकिटं फाडणारा माणूस मी, पण तिच्या तिकिटाला माझा हात जड व्हायचा.

एकदा ती परतीला चढली ती खांबाला धरूनच. मी काही विचारायच्या आत तिनेच सांगितलं, "आला होता आज."

"मग? बोलला?"

"बोलला." ती आपल्या जागेवर टेकली. "म्हने, माय, म्हातारीनं दाराच्या फटीतून पानी मांगतलं होतं. मी बाहेर बसलो होतो. मी नाई देल्लं."

मी तिला गावचं तिकीट देऊ लागलो. तिने मान हलवली आणि वाटेवरच्या दुसऱ्याच एका गावाचं नाव सांगितलं. तिथे त्या म्हातारीची लेक नांदत होती.

"बाई, तिथी काऊन जाता? मारतीन ते लोक."

"मायनं मरताना काय मांगतलं, हे तिले कोन सांगन, भाऊ?"

फाट्यावर ती उतरली. धानाच्या बांध्यांमधून, भाताच्या खाचरांतून, वाट जात होती. दूरच्या घरासमोर एक बाई भारा उतरवून, कपाळावर हात धरून कोण येतंय ते पाहत होती. ही तिच्याकडे चालत गेली, न थांबता. ड्रायव्हरने दोनदा मागे वळून पाहिलं, तेव्हा मी घंटी मारली.

त्यानंतर ती माझ्या गाडीला कधी चढली नाही. लेकाच्या मुलाखतीला ती आता त्या फाट्यावरूनच दुसऱ्या गाडीने जाते, असं कानावर आलं.