सात नंबरमधला पाचवा माणूस

माझ्या वडिलांना राग फार कमी यायचा, पण येशू ख्रिस्त अर्धा देव आणि अर्धा माणूस आहे असं कोणी म्हटलं की त्यांची कानशिलं तापायची. आठवडाभर ते शहाडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून नटबोल्ट मोजायचे आणि रविवारी कल्याणच्या आमच्या चर्चमध्ये मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायचे. तिथे एकदा माझ्या धाकट्या भावाने सांगितलं, की येशू जेवताना माणूस असायचा आणि चमत्कार करताना देव. वडिलांनी त्याला उभं केलं. मग मी हुशारी केली, म्हटलं पन्नास टक्के हे आणि पन्नास टक्के ते. मलाही उभं केलं. "पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, एकाच वेळी," ते म्हणाले. "अर्धंमुर्धं काही नाही." शंभर आणि शंभर मिळून दोनशे होतात असं मी पुटपुटले आणि उरलेला तास व्हरांड्यात काढला.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही डोंबिवलीला स्वतःच्या ब्लॉकमध्ये राहायला आलो. तीन मजले, बारा ब्लॉक, आमचा सातवा. त्याआधी कल्याणला भाड्याच्या खोलीत होतो. तिथल्या मालकिणीला कुठूनसं कळलं, की आमचे पणजोबा ख्रिस्ती होण्याआधी नगरकडच्या एका गावात गावकुसाबाहेर राहायचे. त्यानंतर तिने आमची नळाची वेळ वेगळी ठेवली आणि आमचं भरून झालं की ती नळ चिंचेने घासायची. आईने ते चार वर्षं सोसलं. डोंबिवलीत पाऊल ठेवताना तिने आम्हाला एकच गोष्ट बजावली: इथे कोणाच्या डोळ्यावर यायचं नाही.

आणि वडिलांनी दारावर बोर्ड लावला. स्वतःच्या हाताने रंगवलेला, पांढऱ्यावर निळी अक्षरं: 'या घरात प्रभू येशू राहतो.' आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

त्या मे महिन्यात सोसायटीचा पंप जळला आणि नळालाही पाणी येईनासं झालं. एक दिवसाआड टँकर यायचा. माणशी तीन बादल्या असं गच्चीवरच्या मीटिंगमध्ये ठरलं आणि आमचे सेक्रेटरी वही घेऊन डोकी मोजायला निघाले. हे निवृत्त हेडक्लार्क होते, बोलणं पुण्याचं, इस्त्री बायको करायची पण घडी स्वतः घालायचे. बिल्डिंगमधल्या सगळ्यांना ते ब्लॉकच्या नंबराने हाक मारायचे.

"बोला सात नंबर, माणसं किती?"

"चार," वडील म्हणाले.

सेक्रेटरींनी चष्मा वर करून बोर्ड वाचला. "आणि हे?"

"ते प्रभू येशू."

"राहतो असं लिहिलं आहे आपण. हे पाहा, देव असतील तर मी धरत नाही. कोणाच्याच देव्हाऱ्यातले धरलेले नाहीत. माणूस असेल तर मात्र धरावं लागेल, नाहीतर उद्या माझ्यावर ठपका."

हा गृहस्थ थट्टा करत नव्हता, हे मला आजही शपथेवर सांगता येईल. आई आतून धावत आली. "देव आहेत हो ते, नका धरू."

"थांब," वडील म्हणाले. "नुसते देव असं कसं म्हणतेस?"

"म्हणजे माणूस?"

"पूर्ण देव आणि पूर्ण माणूस."

सेक्रेटरींनी वहीत पाहिलं. तिथे एकच रकाना होता. मग त्यांनी नीट चौकशीच सुरू केली. जन्म झाला होता का? झाला होता. आई? होती. जेवायचे? जेवायचे. झोपायचे? वादळात, होडीत सुद्धा झोपायचे. तहान?

वडील म्हणाले, "लागली होती. मरताना."

सेक्रेटरींनी पेन उचललं. "मरताना? मृत झाले असतील तर नाव कमी होतं."

"परत उठले ना!"

"त्याचा दाखला?"

"कशाचा?"

"परत आल्याचा."

माझा भाऊ हसला आणि त्याने आईची चापट खाल्ली. "अहो, पाणी नको आम्हाला त्यांचं," वडील काकुळतीला आले. "माणूस म्हणून लिहा आणि पाणी देऊ नका." पण माणूस आहे आणि पाणी नको, अशी नोंद करता येत नाही, असं सेक्रेटरींनी सांगितलं. देव आहेत एवढंच कबूल करा, मी निघतो. वडिलांनी ते कबूल केलं नाही. प्रकरण गच्चीवर गेलं.

गच्चीवर आई पदर तोंडावर घेऊन मागे बसली होती. सगळी बिल्डिंग आमच्याकडेच पाहत होती, आणि नेमकं तेच तिला नको होतं. बारा नंबरवाले उठून म्हणाले, मीही बोर्ड लावतो, आमच्याकडे तेहतीस कोटी राहतात. सेक्रेटरींनी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला आणि एवढे टँकर डोंबिवलीत येऊ शकत नाहीत असा निर्वाळा दिला. चार नंबरच्या काकूंनी त्यांच्या बाळकृष्णाच्या रोजच्या आंघोळीचं काय ते विचारलं. तांब्याभर पाणी लागतं, ते माणसांच्या कोट्यातून भागवावं, असं ठरलं. कोणी म्हणालं, बोर्ड काढून टाका, मिटलं. वडील उठून उभे राहिले.

मग तळमजल्यावरची मावशी बोलली. ती मूळची ठाण्याच्या खाडीकडची कोळीण, बाजारात मासळी विकायची. "काय रं सात नंबर, तुजा देव मावरा खायाचा ना?"

"खायचा. भाजलेला मासा, कोळ्यांबरोबर बसून. मरून उठल्यावर सुद्धा."

"ऐकला? कोल्यांच्यात बसून जेवनारा मानूस हाय तो. द्या त्याला पानी. आन् सकाली मला बाजार हाय, सोडा आता."

मावशीशी वाद घालायची बिल्डिंगमध्ये कोणाची प्राज्ञा नव्हती. वहीत 'ब्लॉक ७: पाच' अशी नोंद झाली.

खरी पंचाईत त्यानंतर सुरू झाली. पाचव्याच्या तीन बादल्या घरात आल्या आणि वडील म्हणाले, हे पाणी त्यांचं, आपण वापरायचं नाही. बादल्या ताटल्यांनी झाकून गॅलरीत ठेवल्या. इकडे आम्ही चौघं तांब्यात रुमाल बुडवून अंग पुसत होतो, भावाच्या अंगाला कांद्यासारखा वास येत होता, आणि तिकडे तीन भरलेल्या बादल्या. दुसऱ्या टँकरला सेक्रेटरींनी विचारलं, पाचव्याच्या बादल्या रिकाम्या का नाहीत? वडिलांनी खरं ते सांगितलं. सेक्रेटरींनी 'शिल्लक' असा नवा रकाना आखला. चौथ्या दिवशी पाण्यात डासांच्या अळ्या वळवळायला लागल्या.

"तुमच्या प्रभूला मलेरिया करणार आहात का?" आई कडाडली. "पूर्ण माणूस आहे ना तो?"

वडिलांनी बादल्या तुळशीशिवायच्या आमच्या कुंड्यांमध्ये ओतल्या आणि टँकर आल्यावर पुन्हा भरून ठेवल्या.

आता जे सांगायचं ते मला सुखाने सांगता येत नाही. जिने आणि गटार झाडायला एक बाई यायची. ती बिल्डिंगमध्ये राहत नव्हती, म्हणून वहीत नव्हती. झाडून झालं की ती कोणाच्या तरी दाराशी पाणी मागायची आणि लोक वरून, हात न लागेल असं, तिच्या ओंजळीत ओतायचे. आमच्या दाराशी आईसुद्धा तसंच ओतायची. माझी आई, जिच्यामागे कोणी नळ घासला होता. चारचौघांपेक्षा वेगळं वागलं तर कोणाला संशय येईल म्हणून ती वरून ओतायची. मला हे तेव्हा दिसत होतं आणि तिची लाज वाटत होती, पण मी काही बोलले नाही. तेवढीच मला माझीही वाटते.

एका सकाळी ओंजळीतलं पाणी पिऊन झाल्यावर त्या बाईला गॅलरीतल्या बादल्या दिसल्या. "ताई, कुनाचं हाय त्ये पानी?"

"येशूचं," भाऊ म्हणाला. "तो इथे राहतो."

"मंग पीत का न्हाई?"

आई तांब्या हातात धरून उभी राहिली. बाई गेली तरी तिने दार लावलं नाही.

पुढच्या टँकरला आम्ही नेहमीसारखे फाटकाशी रांगेत उभे होतो. आमच्या चार माणसांचं भरून झालं. "सात नंबर, पाचवा," सेक्रेटरींनी पुकारलं. आईने मागे वळून, झाडून झाल्यावर फाटकाशी थांबलेल्या त्या बाईचा हात धरला आणि तिला पुढे आणलं. हात धरला, म्हणजे मनगटाला, सगळ्यांदेखत.

"ही रहिवासी नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"पाचव्याच्या जागी आलीय."

"म्हणजे प्रतिनिधी?"

"तसं काटेकोरपणे म्हणता येणार नाही," वडिलांनी सुरुवात केली, "कारण शिकवण अशी आहे की..."

"तुम्ही गप्प बसा हो," आई म्हणाली.

रांगेतून बारा नंबरवाले ओरडले, की तिला बाजूला डबा ठेवायला सांगा, पाइपला तिचा हात नको, आम्हाला त्याच पाइपचं प्यायचंय.

आई त्यांच्याकडे वळली. "मग माझाही नको. माझा हात आत्ताच लागलाय त्याला, महिनाभर लागतोय. आम्ही गावाकडे हिच्यातलेच."

टँकरवाल्याच्या हातातला पाइप तसाच सुटला होता आणि पाणी रस्त्यावरून वाहत होतं. मला वाटलं, संपलं, आता पुन्हा कुठेतरी भाड्याची खोली.

"आरं मुडद्यांनो, पानी चाललाय!" मावशी किंचाळली, आणि स्वतःच पाइप धरून बाईपुढच्या आमच्या बादलीत सोडला.

तीन बादल्या भरल्या. सेक्रेटरींनी वही पुढे केली. वाटपाची सही लागायचीच. बाईला सही येत नव्हती, म्हणून त्यांनी शर्टाच्या खिशातून शाईचं पॅड काढलं. हा माणूस पॅड खिशात घेऊन हिंडायचा. पाचव्याच्या नावापुढे तिचा अंगठा उमटला. त्यांनी त्याच्यावर फुंकर घातली आणि आईकडे पाहिलं.

"अंगठा कोणाचा, ते लिहावं लागेल. काय लिहू?"

इतक्या वर्षांत वडिलांच्या धर्मशिक्षणात जिने एकदाही लक्ष घातलं नव्हतं, ती आई म्हणाली, "माणसाचा लिहा. पूर्ण."

सेक्रेटरींनी तसं लिहिलं, खाली तारीख घातली आणि आठ नंबरला पुढे बोलावलं.