दुसऱ्या ओळीनंतरचा थांबा

कुलूपवाल्या काकांची आठवण निघाली की लोक हमखास एकच गोष्ट सांगत. होडीवाल्यांचं गाणं गिटारवर वाजवताना दुसऱ्या ओळीनंतर काका थांबायचे, जेमतेम एका श्वासाइतके. मग पुढची ओळ अशी उचलायचे की किल्ली करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक किल्ली तिथेच विसरून जायचं.

गोदामातल्या स्टोअरकीपरने गिटार हातात घेतली ती या थांब्यापायी. गेली अठ्ठावीस वर्षं रोज संध्याकाळी तो ते गाणं वाजवत आला आणि रोज त्याच जागी आपटत आला. तो थांबला की बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "काय हो, विसरलात?" काका थांबले की लोक श्वास रोखून धरत, हा थांबला की घड्याळ बघत.

एकदा त्याने काकांनाच विचारलं होतं. हातातली कानस बाजूला ठेवून काका म्हणाले, "थांबावंच लागतं रे तिथे." त्याला ते वाक्य इतकं खोल वाटलं की डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

काका गेल्यावर गल्लीतल्या लोकांनी शाळेच्या हॉलमध्ये त्यांच्या गाण्यांचा कार्यक्रम ठरवला. होडीवाल्यांचं गाणं याच्या वाट्याला आलं. काकांचीच गिटार मागायला तो काकूंकडे गेला आणि थांब्याचं गाऱ्हाणं सांगत बसला.

"अरे, कसला थांबा?" काकू म्हणाल्या. "तिसऱ्या तारेची खुंटी सैल होती. दोन ओळी झाल्या की तार उतरायची. ती पिळायला थांबायचे."

"मग नीट का नाही केली? गावभरची कुलपं दुरुस्त करायचे की."

"सांगून सांगून माझं तोंड दुखलं. शेवटी ते गेल्यावर मीच स्क्रू आवळून घेतला. आता बघ, जागची हलायची नाही."

म्हणजे अठ्ठावीस वर्षं तो एका सैल स्क्रूचा रियाज करत होता. घरी येऊन त्याने डायरीचं ते पान टराटरा फाडलं. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "त्यांना निदान थांबायला काही काम तरी होतं."

रागाच्या भरात त्याने ठरवलं, थांबायचंच नाही, सरळ वाजवायचं. वाजवून पाहिलं, तर गाणं पाढे म्हटल्यासारखं धडाधड संपलं. थांबावं तरी पंचाईत, न थांबावं तरी पंचाईत. कार्यक्रमाला निघताना त्याने चरफडत स्क्रूड्रायव्हर घेतला आणि खुंटीचा स्क्रू अर्धा वेढा सैल केला.

हॉलमध्ये दुसऱ्या ओळीच्या शेवटी तार उतरली. किती पिळायची, याचा त्याला काडीचा अंदाज नव्हता. घाईघाईने खुंटी फिरवताना तो मनातल्या मनात काकांना नको नको ते बोलला. हॉल गप्प होता. कुणी घड्याळ पाहत नव्हतं. पहिल्या रांगेतून काकूंचा आवाज मात्र स्पष्ट ऐकू आला. त्या शेजारणीला सांगत होत्या, "एवढा आवळून घेतलेला स्क्रू. आता हाही ऐकायचा नाही माझं."

तार लागली आणि त्याने पुढची ओळ उचलली.