अस्सल पन्न्याचे विशारद

धनेश बोकडे, राहणार कांचघर. ओमतीतल्या दुकानाचे मालक, रत्नविशारद, ग्रहपीडा-सल्लागार. तापवलेल्या, रंगवलेल्या अथवा भेगा बुजवलेल्या खड्याला पायरी चढू न देणारे शहरातले एकमेव गृहस्थ, असे त्यांनी स्वतःच प्रमाणित केलेले.

त्या दिवशी ते खमरियाच्या कारखान्यातल्या एका बाबूंना नीलम दाखवत, तापवलेल्या खड्यातला ग्रह कसा जळून जातो ते समजावत होते. बाबूंचा हात खिशाकडे गेला, तेवढ्यात शकुबाई आल्या. बुधासाठी इथूनच घेतलेला पन्ना, म्हणजे पाचू, त्यांनी काउंटरवर ठेवला. तो फिका पडला होता आणि आत भेगांचं जाळं दिसत होतं.

“तुम्ही म्हटलं, दुधात शुद्ध करा. मी उकळत्या दुधात टाकला, तर वर हिरवं तेल तरंगून राहिलं.”

भेगा लपवायला पन्न्याला तेल सगळेच पाजतात, हे बाबूंसमोर कसं म्हणायचं?

“कच्चं दूध सांगितलं होतं, दीदी. खड्यानं तुमची पीडा ओढून घेतली.”

“अच्छा, माझी पीडा हिरवी होती काय? अन् तेल तर शनीला वाहतात, भैया. बुधाला काहून पाजलं?”

बाबूंनी खिशातून हात रिकामाच काढला आणि ते निघून गेले. शकुबाईंना पैसे परत मिळाले.

संध्याकाळपर्यंत पन्ना पुन्हा तेलात होता.